रंग पिकवणारे जिवाणू आणि त्यांना घडवणारे विद्यार्थी

(नारपोली, भिवंडी येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



नारपोलीत सूत थेट मागावर चढत नाही, आधी ते सायझिंगला जातं. तिथे ताण्याच्या धाग्यांवर स्टार्चची खळ चढते, तापलेल्या सिलिंडरांवरून धागे वाळत पुढे सरकतात आणि बीमवर गुंडाळले जातात. ही खळ नसेल तर यंत्रमागाच्या झटक्यांनी ताणा तुटत राहील आणि कारागिराचा दिवस तुटलेले धागे जोडण्यात जाईल. पण कापड विणून झालं, ग्रे कापडाचे तागे रंगाईला निघाले, की तीच खळ आडवी येते. ती निघाल्याशिवाय रंग धाग्यात नीट शिरत नाही.

पूर्वी खळ काढायला आम्ल वापरत. आम्ल खळ खाई, पण थोडा कापूसही खाई. मग मोड आलेल्या सातूचा अर्क आला. १९१७ साली ब्वादँ आणि एफ्राँ या दोन संशोधकांनी तिसरा मार्ग दाखवला. बॅसिलस सबटिलिस हा मातीत राहणारा जिवाणू अमायलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, बनवतो. ते स्टार्चचे तुकडे करतं, कापसाला हात लावत नाही आणि सातूच्या अर्कापेक्षा जास्त तापमानातही टिकतं. तेव्हापासून जिवाणूंचं विकर कापडाच्या धंद्यात आहे. जीन्सच्या धुलाईत ज्याला सगळे ‘बायोवॉश’ म्हणतात, त्यातही सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं सेल्युलेज काम करतं. म्हणजे भिवंडीसारख्या गावाचं पोट ज्यावर आहे तो कापडाचा धंदा शंभर वर्षांहून जास्त काळ जिवाणूंची मदत घेत आला आहे.

आजचा विषय त्याच्या पुढच्या पायरीचा आहे. निसर्गात सापडलेला जिवाणू जसा आहे तसा वापरायचा, इथपर्यंत गेल्या शतकाने मजल मारली. आता त्याच्या आत नवी जनुकं बसवून त्याच्याकडून ठरवून काम करवून घेतलं जातं आणि हे करणाऱ्यांत विशी-बाविशीतले विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. या विद्यार्थ्यांचे संघ दरवर्षी एका जागतिक स्पर्धेत उतरतात. त्यांच्या वीस वर्षांच्या कामातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या संघांनी आपला प्रश्न लोकांच्या विहिरीतून, नाल्यातून, कारखान्यातून उचलला, त्यांचं काम स्पर्धा संपल्यावरही जगलं. म्हणूनच हा विषय मोठ्या शहरांतल्या नामवंत संस्थांपुरता ठेवून चालणार नाही. यंत्रमागाच्या गावातही त्याची चर्चा झाली पाहिजे.

थोडं मागे जाऊ. १९७३ साली अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी एका जीवाच्या डीएनएचा तुकडा कापून तो ई. कोलाय या जिवाणूत बसवला आणि जिवाणू वाढत गेला तसा तो तुकडाही वाढत गेला. १९७८ साली याच पद्धतीने जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवण्यात यश आलं आणि १९८२ साली त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी मधुमेहींना गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं इन्सुलिन टोचून घ्यावं लागे. मुंबईच्या वोकहार्ट कंपनीने २००३ साली भारतात बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं, तेही जनुक बदललेल्या यीस्टच्या मदतीने. आज घराघरांतल्या फ्रिजमध्ये इन्सुलिनची कुपी असते. ती घेणाऱ्या आजी-आजोबांना जनुक अभियांत्रिकी हा शब्द परका वाटेल, पण तिचं फळ ते रोज वापरतात.

रंगाची गोष्ट १९८३ सालची. कॅलिफोर्नियातल्या अॅमजेन कंपनीत बर्ट एन्स्ली आणि त्यांचे सहकारी स्यूडोमोनास या जिवाणूच्या जनुकांचा अभ्यास करत होते. डांबराच्या गोळ्यांमधलं नॅप्थलीन पचवण्याची कला या जिवाणूत आहे. ती जनुकं त्यांनी ई. कोलायमध्ये घातली आणि बशीतल्या वसाहती निळ्या झाल्या. तो निळा रंग म्हणजे साक्षात नीळ होती. घडलं ते असं: ई. कोलाय ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून इंडोल नावाचं द्रव्य आपणहून बनवतो. बाहेरून आलेल्या विकराने त्या इंडोलला ऑक्सिजन जोडला, त्यातून इंडॉक्सिल तयार झालं आणि हवा लागताच त्याची नीळ झाली. दोन जिवाणूंच्या दोन अर्धवट वाटा एकाच पेशीत जोडल्या गेल्या आणि दोघांपैकी कुणालाही न येणारं काम होऊन बसलं.

नीळ म्हटलं की चंपारण्य आठवतं. तिथल्या शेतकऱ्यांवर निळीची सक्ती होती आणि १९१७ साली गांधीजी त्यांच्यासाठी उभे राहिले. पण त्याच्या वीस वर्षं आधी, १८९७ साली, जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ विकायला काढली होती आणि शेतातल्या निळीचे दिवस भरत आले होते. आज जगात वर्षाला ४०,००० ते ५०,००० टन नीळ लागते आणि तिचा फार मोठा भाग जीन्ससाठी जातो. ती बनवताना अॅनिलीन, फॉर्माल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखी विषारी द्रव्यं वापरली जातात. शिवाय नीळ पाण्यात विरघळत नाही. कापडावर चढवण्यासाठी तिला सोडियम हायड्रोसल्फाइट घालून विरघळणारं रूप द्यावं लागतं. रंगाईवाले याला नुसतं ‘हायड्रो’ म्हणतात. काम झाल्यावर ते सांडपाण्यात उतरतं, पाइप गंजवतं आणि पाण्यातला ऑक्सिजन खातं.

विद्यार्थी या गोष्टीत येतात ते २००३ च्या जानेवारीत. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत टॉम नाइट, ड्रू एन्डी, रँडी रेटबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महिनाभराचा एक वर्ग घेतला. उघडझाप करणारे, लुकलुकणारे जिवाणू कागदावर तरी आखून दाखवा, असं काम विद्यार्थ्यांना दिलं. टॉम नाइट मूळचे संगणकाच्या क्षेत्रातले. बाजारातून आणलेले सुटे भाग जोडून विद्युत मंडल तयार होतं, तसे जनुकांचेही प्रमाणित सुटे भाग असावेत, कुठलाही भाग कुठल्याही भागाला जोडता यावा, अशी त्यांची कल्पना होती. या भागांना ‘बायोब्रिक’ म्हणतात. एखादं जनुक केव्हा चालू व्हावं हे ठरवणारा प्रवर्तक, त्यापासून प्रथिन बनवायला सुरुवात करून देणारा तुकडा, खुद्द जनुक आणि शेवटी थांबण्याची खूण, असे तुकडे एकापुढे एक ओवले की एक कामाचं मंडल होतं. हे सगळे भाग एका सामायिक भांडारात ठेवले गेले आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचा भाग वापरता येऊ लागला.

२००४ साली या वर्गाची स्पर्धा झाली. पाच संघ आले. २००५ साली तेरा. नाव ठरलं आयजेम. २००६ साली बंगळूरच्या एनसीबीएस या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी भारताचा संघ उतरवला. आता दरवर्षी जगभरातून ३०० हून जास्त संघ येतात. २०१२ पासून ही स्पर्धा एमआयटीपासून वेगळी झाली आणि २०२२ पासून तिचा अंतिम मेळावा पॅरिसमध्ये भरतो.

सुरुवातीच्या वर्षांत बरंचसं काम ‘करून पाहू’ या उत्साहाचं होतं. २००६ साली एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी केळ्यासारखा आणि विंटरग्रीनच्या तेलासारखा वास देणारे ई. कोलाय बनवले. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठाच्या संघाने मात्र वेगळी वाट धरली. बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये लाखो लोक नलकूपांचं पाणी पितात आणि त्यातल्या कित्येक नलकूपांत अर्सेनिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे एका लिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम. इतकं कमी प्रमाण ओळखणारी चांगली यंत्रं महाग असतात आणि गावात नसतात. ई. कोलायकडे अर्सेनिक जाणवलं की चालू होणारा एक प्रवर्तक निसर्गतःच आहे. एडिंबराच्या विद्यार्थ्यांनी तो अशा जनुकांना जोडला की अर्सेनिक असेल तर पाण्याची आम्लता बदलावी आणि ती साध्या दर्शकाच्या रंगावरून कळावी.

हे काम तिथे थांबलं नाही. एडिंबरा आणि केंब्रिजच्या संशोधकांनी ते पुढे नेलं. केंब्रिजचे जिम अजिओका आणि ऑर यार्कोनी याच चाचणीसाठी नेपाळमध्ये फिरत होते. तिथल्या लोकांशी बोलताना त्यांना कळलं की पाण्याबद्दलची लोकांची चिंता एकट्या अर्सेनिकची नाही. कापडरंगाईच्या सांडपाण्याने नद्या नासत आहेत, हे दुखणं त्यांना जास्त जवळचं आहे. या संवादातून २०१६ साली इंग्लंडमध्ये कलरिफिक्स ही कंपनी उभी राहिली. तिची पद्धत अशी: रंग बनवणारी जनुकं जिवाणूत घालायची, त्या जिवाणूंकडूनच रंग कापडावर चढवून घ्यायचा, उष्णता देऊन जिवाणू मारायचे आणि कापड धुऊन काढायचं. विहिरीचं पाणी तपासायला निघालेली माणसं कापडाच्या हौदापाशी पोहोचली ती लोकांचं ऐकल्यामुळे.

२००९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या सात विद्यार्थ्यांनी ‘ई. क्रोमी’ हा प्रकल्प केला. पाण्यात एखादं द्रव्य आहे हे जिवाणूला कळलं, तर ते त्याने माणसाला सांगायचं कसं? चमकणारं प्रथिन वापरलं तर ते पाहायला उपकरण लागतं. डोळ्यांना दिसणारा रंग सोपा. या विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या जीवांतून रंगांची जनुकं गोळा केली: क्रोमोबॅक्टेरियम या जिवाणूतला व्हायोलेसीन हा जांभळा रंग, गाजरात असतो त्या कुळातले नारिंगी आणि लाल रंग, मेलॅनिनचा तपकिरी. त्यांना त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. या विद्यार्थ्यांबरोबर अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग आणि जेम्स किंग हे दोन डिझाइनर बसत होते आणि ही वस्तू उद्या कुणाच्या हातात जाईल, ती कशी दिसेल, यावर सगळे मिळून विचार करत होते.

त्याच वर्षी बंगळूरहून आलेल्या एका संघाने अनेकांना चकित केलं. सृष्टी या कला आणि डिझाइन संस्थेचे हे विद्यार्थी. चित्रं काढणारे, वस्तू घडवणारे, जीवशास्त्राची पदवी नसलेले. त्यांनी निवडला पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वास. हा वास मुख्यतः जिऑस्मिन या द्रव्याचा असतो आणि ते बनवतात मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू. माणसाचं नाक या द्रव्याला इतकं तीक्ष्ण आहे की अब्जावधी भागांत काही भाग असला तरी ते ओळखतं. जिऑस्मिन घडवणाऱ्या विकराचं जनुक ई. कोलायमध्ये बसवून या मुलांनी प्रयोगशाळेत मृगाचा वास आणला. कनौजचे अत्तरवाले पिढ्यान्‌पिढ्या भाजलेल्या मातीपासून हाच वास चंदनाच्या तेलात उतरवत आले आहेत. आपल्या मुलखातल्या अनुभवातून विज्ञानाचा प्रश्न कसा निघतो, याचं हे उत्तम उदाहरण आहे. आणि जीवशास्त्र न शिकलेली मुलंही नीट मार्गदर्शन मिळालं तर हे काम शिकू शकतात, हेही त्यातून सिद्ध झालं.

निळीकडे परत येऊ. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या संघाने ‘ब्लू जीन्स’ नावाचा प्रकल्प घेतला. जीन म्हणजे जनुक आणि जीन्स म्हणजे आपली विजार, असा दुहेरी अर्थ त्या नावात होता. १९८३ पासून जिवाणू नीळ बनवू शकत होते, पण ‘हायड्रो’ची अडचण तशीच होती. जिवाणूने बनवलेली नीळही पाण्यात विरघळत नव्हतीच. बर्कलीच्या मुलांनी निळीच्या झाडाकडे पाहिलं. झाडाच्या पानात नीळ नसते, इंडिकन असतं. इंडॉक्सिलच्या रेणूवर झाड साखरेचा एक रेणू चढवून ठेवतं. त्यामुळे त्याची नीळ होत नाही आणि ते पाण्यात विरघळलेलं राहतं. साखर चढवणारं विकर झाडाकडून घ्यायचं, ते जिवाणूत घालायचं, जिवाणूकडून इंडिकन मिळवायचं आणि कापड त्यात भिजल्यावर साखर काढणारं दुसरं विकर वापरायचं. साखर सुटली की धाग्याच्या आतच नीळ तयार होते आणि हायड्रोची गरज उरत नाही. विद्यार्थ्यांच्या उन्हाळी प्रकल्पात मांडलेली ही कल्पना बर्कलीतल्या जॉन ड्यूबर यांच्या प्रयोगशाळेत पुढे वाढली आणि २०१८ साली नेचर केमिकल बायॉलॉजी या नियतकालिकात तिचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

या पद्धतीने अजून जगाची नीळ बदललेली नाही. कारखान्यातली नीळ फार स्वस्त आहे. जिवाणू वाढवायला साखर लागते, मोठ्या टाक्या लागतात, निर्जंतुक व्यवस्था लागते. हिशेब जुळायला वेळ लागेल. पण कुठली पायरी विषारी आहे आणि ती कशी गाळता येईल, हे एका विद्यार्थी संघाने नेमकं दाखवलं.

महाराष्ट्रातही हे काम रुजलं आहे. पुण्याच्या आयसर या संस्थेचे विद्यार्थी आयजेममध्ये अनेकदा उतरले आहेत. २०२० साली कोविडमुळे प्रयोगशाळा बंद असताना त्यांनी मलेरियाच्या परजीवीला अडवू शकतील असे पेप्टाइड संगणकावर आखण्याचं काम केलं आणि तो मेळावाही त्या वर्षी ऑनलाइन झाला. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे आयसीटीचा, संघ २०१७ साली उतरला. त्याने सार्वजनिक मुताऱ्यांतल्या अमोनियाची दुर्गंधी हा विषय घेतला. रेल्वे स्टेशनांवर रोज लाखो लोकांना सोसावा लागणारा हा प्रश्न त्यांना शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आयसीटीचा आणि कापडाचा संबंध तर जन्मापासूनचा आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग म्हणून ती सुरू झाली, तेव्हा केमिकल इंजिनिअरिंगबरोबर पहिला विषय होता टेक्स्टाइल केमिस्ट्री. मुंबईच्या गिरण्यांना रंगाई आणि छपाई जाणणारी माणसं हवी होती.

आता रंग चढल्यानंतरची बाजू. ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत रस्त्यावरची कुत्री निळी दिसू लागली. त्यांची छायाचित्रं जगभर पोहोचली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्याला टाळं लावलं. कुत्री डोळ्यांना दिसली म्हणून बातमी झाली. नाल्यातून वाहणारा रंग मात्र वर्षानुवर्षं वाहत असतो.

कापडाला लागणाऱ्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून जास्त रंग अॅझो प्रकारचे आहेत. या रंगांच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंची एक घट्ट जोडी असते. ती ऊन, साबण, घाम यांनी सहसा तुटत नाही, म्हणून कापडाचा रंग टिकतो. आणि म्हणूनच तो नदीतही टिकतो. ऑक्सिजन नसलेल्या गाळात काही जिवाणू ही जोडी तोडतात आणि पाणी रंगहीन दिसू लागतं. धोका इथेच आहे. जोडी तुटल्यावर उरतात ती अॅरोमॅटिक अमाइन्स आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. अशी अमाइन्स सोडणाऱ्या अॅझो रंगांवर जर्मनीने १९९४ साली बंदी घातली आणि भारतानेही १९९७ साली अशा रंगांवर बंदी आणली. म्हणून पाणी स्वच्छ दिसणं पुरेसं नाही. पहिल्या टप्प्यात ऑक्सिजनविना जोडी तोडायची आणि दुसऱ्या टप्प्यात ऑक्सिजन देऊन अमाइन्सही मोडायची, असं दुपदरी काम करावं लागतं.

या विषयावर महाराष्ट्रात खूप भक्कम काम झालं आहे आणि ते यंत्रमागांच्या शेजारीच झालं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या जीवरसायनशास्त्र विभागात संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं रंग मोडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास केला. इचलकरंजी आणि सोलापूर ही कापडाची गावं त्यांच्या हाताशी होती. पद्धत सोपी आणि चिकाटीची. जिथे रंगाचं सांडपाणी वर्षानुवर्षं मुरलं आहे तिथली माती आणायची, रंग घातलेल्या पोषणद्रवात ती वाढवायची आणि जो जिवाणू तगून रंग उडवतो तो वेगळा काढायचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. त्यातल्या स्यूडोमोनास डेस्मोलायटिकम या जिवाणूवरही या गटाने २००७ च्या सुमारास काम केलं आणि रंग मोडताना कुठली विकरं कामाला येतात, मागे काय उरतं, ते तपासलं. पुढे झेंडूसारखी बागेतली फुलझाडं लावून कापडाचं सांडपाणी साफ करता येतं का, याचेही प्रयोग त्यांनी केले.

ही सगळी निसर्गात आधीच असलेली ताकद. जनुक बदलणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवात इथूनच करायला हवी. रंगाच्या नाल्यात पन्नास वर्षं राहिलेल्या जिवाणूने ऊन, मीठ, अल्कली, धातू सगळं सोसायला शिकलेलं असतं. प्रयोगशाळेतला ई. कोलाय लाडात वाढलेला असतो. त्याला ३७ अंशाचं तापमान आणि भरपूर खाणं लागतं. आनंदमोहन चक्रवर्ती या भारतीय शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात तेल पचवणारा स्यूडोमोनास घडवला. सजीवाचं पेटंट मिळतं का, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात खटला चालला आणि १९८० साली निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. पण तो जिवाणू सांडलेलं तेल साफ करायला समुद्रात कधी सोडला गेला नाही. प्रयोगशाळेतलं यश आणि खाडीतलं यश यांत फार मोठं अंतर आहे. त्यामुळे घडवलेल्या जिवाणूचं योग्य ठिकाण बंद टाकी आहे. तिथे तो विकर बनवेल, ते विकर गाळून सांडपाण्यात वापरता येईल आणि जिवाणू स्वतः टाकीबाहेर पडणार नाही.

विद्यार्थी संघाचा उन्हाळा प्रत्यक्षात कसा जातो? आधी दोन-तीन महिने वाचन आणि वादविवाद. मग जनुकाचा क्रम संगणकावर लिहून डीएनए बनवणाऱ्या कंपनीला मागणी. डीएनए सुक्या भुकटीसारखा एका इवल्या नळीत येतो. तो प्लास्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या वर्तुळात, जोडायचा. बर्फात ठेवलेल्या जिवाणूंमध्ये तो प्लास्मिड मिसळून त्यांना पाऊण मिनिटभर ४२ अंशांचा चटका द्यायचा, म्हणजे काही थोड्या जिवाणूंच्या आत तो शिरतो. मग अँटिबायोटिक घातलेल्या अगारच्या बशीवर ते पसरून रात्रभर उबवणीत ठेवायचे. प्लास्मिडवर अँटिबायोटिकला तोंड देणारं जनुक असतं, म्हणून ज्याने प्लास्मिड घेतला तोच उगवतो. सकाळी बशीवर टाचणीच्या डोक्याएवढ्या वसाहती असतात किंवा बशी कोरी असते. कोरी बशी फार वेळा दिसते. वसाहत आली तरी तिच्यात आपला तुकडा नीट बसला आहे का, हे जेलवर पट्टे पाहून आणि क्रम वाचून तपासावं लागतं. ई. कोलाय चांगल्या खाद्यात वीस मिनिटांत दुप्पट होतो, पण माणसांचं काम त्या वेगाने होत नाही. एकच जनुक बसवायला महिना लागल्याची उदाहरणं प्रत्येक संघाकडे असतात.

या कामात जीवशास्त्राचे विद्यार्थी पुरत नाहीत. जिवाणू किती रंग बनवेल याचं गणित मांडणारा लागतो, रंग मोजणारं स्वस्त उपकरण जोडणारा लागतो, कारखानदार आणि वस्तीतल्या लोकांशी बोलणारा लागतो, हिशेब ठेवणारा लागतो. आयजेममध्ये लोकांशी केलेल्या संवादाचं वेगळं मूल्यमापन होतं. ज्या माणसासाठी हे बनवता त्याला विचारलं का, त्याच्या उत्तराने आराखडा बदलला का, असं परीक्षक विचारतात. नोंदणी शुल्क मात्र काही हजार डॉलर असतं आणि वर प्रवासाचा खर्च. छोट्या शहरांतल्या महाविद्यालयांना ही रक्कम झेपत नाही, हे या स्पर्धेचं खरं उणं आहे.

जनुक बदललेल्या जिवाणूंबद्दल भीती वाटणं स्वाभाविक आहे आणि त्या भीतीला टाळून पुढे जाणं अन्यायाचं ठरेल. शास्त्रज्ञांनाही ती वाटली होती. १९७५ साली कॅलिफोर्नियात असिलोमार इथे ते एकत्र जमले आणि कुठले प्रयोग कुठल्या बंदोबस्तात करायचे याचे नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतले. भारतात पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ साली जनुक बदललेल्या जीवांसाठी नियम झाले. असं काम करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. त्यावर जैवतंत्रज्ञान विभागाची समिती आणि पर्यावरणात सोडण्याच्या परवानगीसाठी केंद्राची जीईएसी ही समिती आहे. प्रयोगशाळेतला प्रत्येक वापरलेला द्रव टाकण्याआधी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर दाबाखाली उकळून निर्जंतुक करावा लागतो. आयजेमचाही नियम असा की कुठल्याही संघाने आपला जिवाणू बाहेर सोडायचा नाही. भिवंडीतल्या कुणी उद्या हे काम केलं तर हे सारे नियम त्यालाही लागू होतील आणि ते शेजाऱ्यांना मोकळेपणाने समजावून सांगणं हा त्याच्या कामाचाच भाग असेल.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने बायो-ई३ हे धोरण मंजूर केलं. जिवाणू, यीस्ट आणि विकरं वापरून वस्तू बनवण्याला चालना देणं हा त्याचा हेतू. या धोरणाचा पैसा मोठ्या संस्थांकडे जाईल हे उघड आहे. यंत्रमागाच्या गावाने त्यात आपला वाटा मागायचा तर हाती ठोस माहिती हवी आणि ती गोळा करायला जनुकं बदलावी लागत नाहीत.

ती माहिती इथे अशी जमवता येईल. सायझिंग आणि रंगाईच्या सांडपाण्याचे, कामवारी नदीचे आणि ती खाडीला मिळते तिथले नमुने ठरलेल्या जागांवरून दर महिन्याला घ्यायचे. आम्लता, क्षारता, रंगाची तीव्रता आणि रासायनिक ऑक्सिजन मागणी या चार गोष्टी मोजायच्या. त्यासाठी लागणारी उपकरणं पदवी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बहुधा असतातच. त्याच ठिकाणच्या गाळातून रंग उडवणारे जिवाणू वेगळे काढायचे, कोल्हापूरच्या पद्धतीने. आणि जे तगतील ते पुण्याच्या संग्रहातल्या जाणकारांकडून ओळखून घ्यायचे. कुठल्या कारखान्यात कुठला रंग, किती मीठ, किती हायड्रो वापरतात हे रंगाईच्या कारागिरांना बसवून विचारायचं, कारण ते ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही. ही वही तयार झाली की माटुंग्याच्या किंवा पुण्याच्या विद्यार्थी संघापुढे नुसती तक्रार न ठेवता मोजलेला प्रश्न ठेवता येईल आणि त्या संघात भिवंडीची मुलं-मुली बरोबरीने बसतील. इथल्या एखाद्या महाविद्यालयाने येत्या जूनमध्ये हे सुरू केलं, तर दिवाळीपर्यंत भर पावसातल्या आणि पाऊस ओसरल्यानंतरच्या पाण्याचे आकडे शेजारी-शेजारी मांडलेले असतील.